सेकंडहँड इकोस्पोर्ट घेताय? इंजिन ओळखण्यापासून आरसी नावावर होईपर्यंत

फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे सेकंडहँड बाजारात फोर्डची छोटी एसयूव्ही इकोस्पोर्ट तिच्या वयाच्या ब्रेझा किंवा व्हेन्यूपेक्षा बऱ्यापैकी स्वस्तात मिळते. भक्कम बांधणी, हायवेवर स्थिर, ग्राउंड क्लिअरन्स २०० मिमी. घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. पण "इकोस्पोर्ट भरवशाची आहे का?" असं चार मालकांना विचारलंत तर चार उत्तरं मिळतील, आणि चारही खरी असतील. २०१३ ते २०२१ या काळात या एकाच नावाखाली चार वेगळी इंजिनं आणि तीन प्रकारचे गिअरबॉक्स विकले गेले. त्यातली एक जोडी डोळे झाकून घ्यावी अशी आहे, तर एक फुकट मिळाली तरी घेऊ नये अशी. म्हणून रंग, सनरूफ, टचस्क्रीन हे सगळं नंतर. आधी बॉनेटखाली काय आहे ते बघा.

सोबत काय न्यायचं

- चांगला टॉर्च (मोबाइलचा पुरत नाही), जुनं फडकं, हातमोजे
- बॉडीवर फिरवायला छोटं लोहचुंबक, त्यावर पातळ कापड गुंडाळून
- ओबीडी-२ स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं उपकरण). फोर्डसाठी फोरस्कॅन नावाचं अ‍ॅप चांगलं चालतं. साध्या अ‍ॅपला न दिसणारे फोर्डचे खास कोडही ते वाचतं
- गाडी उचलून बघता येईल असं ओळखीचं गॅरेज आणि फोर्डच्या गाड्यांवर काम केलेला मेकॅनिक

१. इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी ओळखा

विकणारा "पेट्रोल, दीड लिटर" एवढंच सांगतो. तेवढ्यावर थांबू नका, कारण दीड लिटरची पेट्रोल इंजिनं दोन आहेत. आरसीवर सिलिंडरची संख्या छापलेली असते: चार असतील तर जुनं इंजिन, तीन असतील तर नोव्हेंबर २०१७ च्या फेसलिफ्टबरोबर आलेलं 'ड्रॅगन'. आरसीवर ९९९ सीसी दिसलं तर ते एक लिटरचं टर्बो 'इकोबूस्ट'.

*दीड लिटर टीडीसीआय डिझेल, मॅन्युअल.* पहिली पसंती हीच. सुरुवातीला ताकद नव्वदच्या आसपास पीएस होती, पुढे १०० पीएस झाली. इंजिन दणकट आहे, हायवेला मायलेज उत्तम. दुखणी मोजकी आणि ठरलेली: इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळणं, ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी साठणं, टर्बोच्या रबरी पाइपला चीर जाणं आणि क्लच. टायमिंगला (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवायला) इथे चेन नसून बेल्ट आहे, हे अनेक मालकांना ठाऊकच नसतं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उघडावं लागतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे. रोज पाच-सात किलोमीटर शहरातच फिरणार असाल तर हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करू शकत नाही, चोंदत जातो आणि वॉर्निंग दिवे लागतात. शहरातल्या वापरासाठी बीएस-६ डिझेल घेऊ नका.

*दीड लिटर चार सिलिंडर पेट्रोल, मॅन्युअल.* साधं, सोसणारं इंजिन, ११२ पीएस. शहरात पेट्रोल पितं, पण महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला डिझेलपेक्षा हेच परवडेल.

*तेच इंजिन, सहा गिअरचा 'पॉवरशिफ्ट' ऑटोमॅटिक (२०१३ ते २०१७).* हा घेऊ नका. यात ऑइलमध्ये न बुडणारे दोन कोरडे क्लच आहेत. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना ते तापतात. शाफ्टचं सील गळून त्यांच्यावर ऑइल आलं की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरते. गिअरबॉक्सचा कंट्रोल मॉड्यूल गेला तर गाडी चालता चालता गिअर सोडते. हे भारतापुरतं नाही. ऑस्ट्रेलियात याच गिअरबॉक्सच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टच्या ग्राहकांना दिलेल्या वागणुकीबद्दल तिथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता. "क्लच नवा टाकलाय" असं सांगितलं तरी भुलू नका. नवा क्लच काही महिने थरथर लपवतो, मूळ रचना तीच राहते.

*दीड लिटर ड्रॅगन, तीन सिलिंडर, १२३ पीएस.* याच्याबरोबर येणारा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा (कोरड्या क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारा) आहे. पॉवरशिफ्टशी त्याचा काही संबंध नाही आणि तो विश्वासाचा आहे. ऑटोमॅटिकच हवी असेल तर हीच घ्या. अट एक: या इंजिनाचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे ऑइलची सगळी बिलं हवीत.

*एक लिटर इकोबूस्ट, १२५ पीएस.* चालवायला मजेदार, पण बेल्ट ऑइलमध्ये, वर टर्बो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईच्या कारखान्यातच बनत. तिथल्या एक लिटरच्या गाड्यांना ऑइल पंप चालवणाऱ्या बेल्टच्या आणि त्याच्या टेन्शनरच्या दोषामुळे डिसेंबर २०२३ मध्ये रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिस हिस्टरी हातात असेल तरच या गाडीचा विचार करा.

ऑइलमधल्या बेल्टचं नेमकं बिघडतं काय, ते समजून घेतलंत तर बिलं का मागायची हे कळेल. चुकीच्या ग्रेडचं किंवा फार जुनं झालेलं ऑइल, त्यात मिसळलेलं पेट्रोल, यांनी बेल्टचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे बारीक तुकडे सुटतात. ते ऑइल चेंबरच्या तळाशी असलेल्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. जाळी चोंदली की ऑइल वर चढत नाही आणि आधी टर्बो, मग बेअरिंगं जातात. बेल्ट तुटायची वाटही बघावी लागत नाही. इकोबूस्टला ५डब्ल्यू-२० ग्रेडचं, फोर्डच्या डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी स्पेसिफिकेशनचं ऑइल लागतं. बिलावर "इंजिन ऑइल ४ लिटर" एवढंच लिहिलेलं असेल तर ते बिल नसल्यातच जमा धरा.

२. गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागा

फोनवरच गाडीचा नंबर घ्या. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे दिसतं. महाराष्ट्र ट्रॅफिकच्या ई-चलान साइटवर थकलेला दंडही बघून ठेवा. तो विकणाऱ्याने भरायचा आहे.

मग चॅसी नंबर घेऊन कोणत्याही फोर्ड सर्व्हिस सेंटरला फोन करा. उत्पादन बंद झालं तरी सर्व्हिस आणि स्पेअर पार्ट चालू आहेत. दोन गोष्टी विचारा: शेवटच्या नोंदीला किती किलोमीटर होते, आणि गाडीचे रिकॉल पूर्ण झालेत का. २०१३-१४ च्या गाड्यांना मागच्या ट्विस्ट बीमच्या बोल्टसाठी रिकॉल होता. २०१७ च्या मे-जूनमध्ये बनलेल्या काही गाड्यांना पुढच्या लोअर कंट्रोल आर्मच्या वेल्डिंगसाठी होता. दोन्ही कामं चाकांना जोडून ठेवणाऱ्या भागांची आहेत, त्यामुळे "बघू नंतर" चालणार नाही.

रीडिंग मागे फिरवणं आजही सर्रास चालतं. सर्व्हिस सेंटरला २०१९ मध्ये ७८,००० ची नोंद आणि आज मीटरवर ६२,००० दिसत असेल तर पुढे जाऊच नका. मालक दाखवतो ती सर्व्हिस बुक हाताने भरता येते, म्हणून सिस्टिममधली नोंदच मागा.

दिल्ली-एनसीआरची स्वस्त डिझेल कोणी दाखवली तर हिशेब पूर्ण करा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या इतर राज्यांत येतात. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर आणि आरटीओच्या फेऱ्या धरल्या की वाचलेले पैसे बहुतेक तिथेच जातात.

३. इंजिन थंड असताना सुरू करा

सकाळी जा. आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नका, असं मालकाला सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर का तापवली ते विचारा, किंवा दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन निम्मी दुखणी लपवतं.

सुरू करण्याआधी कूलंटची टाकी उघडा. पातळी खुणेच्या मध्ये हवी, रंग स्वच्छ. गंजासारखं तांबडं पाणी म्हणजे कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत आलेत. टाकीत तेलकट तवंग असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. ऑइल कॅप उलटी करून बघा: दुधाळ लगदा नको, जळका काळा थरही नको. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नका.

डिझेलमध्ये इंजिनवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून इंजेक्टरच्या बुडाशी टॉर्च मारा. तिथे डांबरासारखा काळा, चकचकीत, कडक थर जमला असेल तर वॉशर गळतोय. सुरू केल्यावर "फुस-फुस-फुस" असा ताल ऐकू येतो आणि एसीच्या हवेतून धुराचा वास येतो. वेळेत केलं तर वॉशर बदलणं स्वस्त काम आहे. पण थर दगडासारखा झाला की इंजेक्टर जागेवरून निघत नाही आणि काम हेडपर्यंत जातं. खरेदीआधी इतर काही बघायला वेळ नसला तरी हे बघाच.

सुरू केल्यावर मागे कुणाला तरी उभं करा. क्षणभर पांढरट वाफ चालेल. निळा धूर टिकला तर इंजिन ऑइल जळतंय. रेस दिल्यावर काळा लोट आला तर ईजीआर, इंजेक्टर किंवा टर्बोचा पाइप. तीन सिलिंडरची इंजिनं न्यूट्रलवर चालू असताना थोडी थरथरतात, ते स्वाभाविक आहे. स्टिअरिंग आणि आरसे सतत हलत असतील तर इंजिनाचे माउंट (रबरी आधार) तपासा.

४. बॉडी, मागचं दार आणि पुराचं पाणी

इकोस्पोर्टचं मागचं दार आडवं उघडतं, त्याचं हँडल उजव्या टेल लॅम्पच्या कडेत लपवलेलं आहे आणि बहुतेक मॉडेलांत स्टेपनी त्याच दारावर लटकते. एवढं वजन वर्षानुवर्षं बिजागऱ्यांवर पडतं. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला. खडखड हललं किंवा लॉकशी जुळायला दार उचलून लावावं लागलं तर बिजागऱ्या झिजल्यात किंवा मागून मार बसलाय. दाराच्या कडांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात. स्टेपनीच्या टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. "२२१५" म्हणजे २०१५ चा बाविसावा आठवडा. तो टायर एकदाही रस्त्यावर उतरला नसेल, तरी उन्हाने कडक झालेलाच असतो.

लोहचुंबक दारांवर, मडगार्डवर, छतावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. हेडलाइट आणि टेल लॅम्प फुटलेले नकोत. क्लच, ब्रेक पॅड, फिल्टर, सस्पेन्शनचे भाग बाहेरच्या कंपन्यांचे मिळतात. अडचण येते ती दिवे, बंपर, काचा आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलची. त्यांची आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते. म्हणून ठोकलेली इकोस्पोर्ट स्वस्तात घेऊन दुरुस्त करू, हा बेत या गाडीच्या बाबतीत तोट्याचा ठरतो.

पुराच्या गाड्यांपासून खास सांभाळा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड आणि मुंबईतला दर पावसाळा, यांतून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसली तर पाणी तिथवर चढलेलं होतं. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, कार्पेटखाली ओल, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट बुरशी हेही बघा. अशा गाडीची वायरिंग दोन पावसाळ्यांनंतर एकेक करून दगा देते, आणि मॉड्यूल मिळणं किती अवघड ते वर आलंच आहे.

५. चालवून बघा, निदान अर्धा तास

खराब रस्ता, चढ आणि मोकळा रस्ता, तिन्ही हवेत. सोबत बोलणारा नको आणि रेडिओ बंद.

- खड्डे: वीस-तीसच्या वेगात पुढून "टक-टक" आलं तर स्टॅबिलायझर लिंक रॉड, स्वस्त काम. "धडधड" आलं तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअपचे वरचे माउंट.
- क्लच: चौथ्या गिअरला पन्नासच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळले आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग एकत्रच बदलतात, त्यामुळे बिल मोठं येतं.
- टर्बो: डिझेलला दोन हजार आरपीएमच्या आसपास ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे. शिट्टीबरोबर ओढ गेली असेल तर इंटरकूलरच्या पाइपला चीर शोधा.
- ब्रेक: मोकळ्या रस्त्यावर ऐंशीवरून जोरात दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी.
- एसी: गाडी उभी ठेवून दहा मिनिटं चालवा. थंडावा कमी होत गेला तर रेडिएटरचा पंखा किंवा गॅस.

६. लिफ्ट आणि स्कॅनर

इथे पैसे वाचवू नका. लिफ्टवर ऑइल चेंबर, गिअरबॉक्सचं सील, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, मागच्या बीमचे बोल्ट आणि सायलेन्सर बघायला लावा. ड्रॅगन किंवा इकोबूस्ट असेल आणि बिलं अर्धवट असतील तर ऑइल चेंबर उतरवून पंपाची जाळी बघू द्या, असं सांगा. मालकाने नकार दिला तर तुम्हीही गाडीला नकार द्या.

स्कॅनर लावल्यावर कोड एकही नसणं नेहमी चांगलं नसतं. "रेडिनेस" नावाच्या यादीत बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत. तशी गाडी दोन-तीन दिवस चालवून पुन्हा स्कॅन करा. इंजिन चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.५ हवं.

७. भाव ठरवताना

विकणाऱ्याशी "मॉडेल जुनं झालंय, कंपनी गेली" असं बोलून फारसं काही हाती लागत नाही, ते सगळ्यांनाच माहीत आहे. गॅरेजकडून लेखी अंदाज घ्या: बेल्ट, क्लच, टायर, शॉकअप. डिझेलच्या टायमिंग बेल्टचं बिल नसेल आणि गाडी दहा वर्षांच्या जवळ असेल तर पूर्ण किट (बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप) आणि मजुरी किमतीतून वजा करा. टोकन दिलंत तर पावतीवर "तपासणीत दोष निघाल्यास परत" असं लिहून घ्या आणि रक्कम बँकेतूनच द्या.

८. नावावर करून घ्या

लागणारी कागदपत्रं:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सह्यांसह
- कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी
- दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८
- दोघांचे पत्त्याचे पुरावे आणि पॅन
- चॅसी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा

राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "सह्या करून ठेवतो, पुढे विकाल तेव्हा नाव घाला" असं एजंट सुचवतात. तारीख न घातलेल्या फॉर्मवर गाडी घेऊ नका. अपघात झाला तर कागदावर मालक भलताच निघतो आणि दोघेही अडकतात.

विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा, नाहीतर आरटीओत काम अडतं.

९. ताबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, मागच्या मालकाने काल केलं असं म्हटलं तरी. ऑइलचा डबा सीलबंद असताना त्यावरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी ताडून पाहा आणि बिलावर ते लिहून घ्या. डिझेलचा फ्यूल फिल्टर, एअर आणि एसी फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड त्याच फेरीत. ड्रॅगन किंवा इकोबूस्टला पुढचं ऑइल वर्ष किंवा १०,००० किलोमीटर, जे आधी होईल तेव्हा. शहरात कमी अंतराच्या फेऱ्या असतील तर त्याहूनही लवकर, कारण थंड इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बेल्टला तेच खातं. डिझेलच्या इंजेक्टरचे वॉशर थोडे जरी ओले दिसले असतील तर तेही याच आठवड्यात उरकून घ्या.